नळीत तोललेलं आभाळ

आमच्या गावच्या विहिरीत पायऱ्यांच्या मध्यावर एक दगडी ओटा होता आणि त्यावर पाण्याची मोटर बसवलेली होती. पावसाळ्यात पाणी ओट्याच्या हातभर खाली असायचं. होळी झाली की ते रोज थोडं थोडं खाली सरकायचं, आणि एप्रिलातल्या एखाद्या सकाळी मोटर नुसतीच घरघरायची. पाइपातून थेंब नाही. काका आधी म्हणायचे, "हवा धरली असंल." मग मोटरीत पाणी भरून बघायचे, पाइपाच्या तळाचा फुटबॉल (फूट व्हॉल्व्हला गावात हेच नाव) गळतोय का ते तपासायचे. तेही ठीक निघालं की दोराला दगड बांधून ओट्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचे. ते पंचवीस फुटांच्या पुढे गेलेलं असायचं. मग चार माणसं हाकारायची आणि मोटर आणखी खाली उतरवायची.

"काका, त्यापेक्षा मोठी मोटर घेतली तर?"

"कितीबी मोठी घे. पंचवीस फुटाच्या वर मोटर पाणी ओढत न्हाई."

"का?"

"न्हाई ओढत."

काकांचं उत्तर तिथे संपलं. त्यात उणेपणा काहीच नव्हता. ज्याने उभा जन्म विहिरीवर काढला त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं. पुढे मला कळलं की सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी हेच वाक्य गॅलिलिओने एका पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ऐकल्याचं लिहून ठेवलंय, आणि त्या 'का'पाशी तोही अडला होता.

गॅलिलिओचं शेवटचं मोठं पुस्तक १६३८ साली आलं. त्यात दोन नव्या शास्त्रांवर संवादरूपाने चर्चा आहे. एक पात्र सांगतं, आमचा पंप बंद पडला म्हणून कारागिराला बोलावलं, तर तो म्हणाला, पंपात दोष नाही, पाणी फार खाली गेलंय. अठरा हातांवर कुठलाच ओढपंप पाणी चढवत नाही. त्या काळच्या इटालियन हाताच्या मापाने अठरा हात म्हणजे दहा मीटरांच्या आसपास. गॅलिलिओने कारण शोधलं ते असं : लांब दोर टांगला तर तो कधीतरी स्वतःच्याच भाराने तुटतो, तसा पाण्याचा खांबही तुटत असावा. उत्तर चुकीचं होतं, पण प्रश्नाला हात घालायचं धाडस खरं होतं. कारण तोवरची समजूत अशी की निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे. पंपाचा दट्ट्या वर गेला की मागे पोकळी होऊ नये म्हणून पाणी धावत येतं. तिटकारा असेल तर तो अठरा हातांवरच का थांबतो? एकोणिसाव्या हाताला निसर्गाला पोकळी चालते की काय?

१६४०च्या सुमारास रोममध्ये गास्पारो बेर्ती नावाच्या गृहस्थाने आपल्या घराच्या दर्शनी भिंतीला शिशाचा लांबलचक उभा पाइप बांधला. खालचं टोक पाण्याच्या पिंपात, वरच्या टोकाला काचेचं भांडं. पाइप काठोकाठ भरला, वरचं तोंड बंद केलं आणि खालची तोटी उघडली. सगळं पाणी पिंपात ओतलं जायला हवं होतं. ते खाली येऊ लागलं, आणि सुमारे दहा मीटरांवर येऊन थांबलं. तोटी उघडी, आडकाठी कसलीच नाही, तरी पाण्याचा दहा मीटरांचा खांब हवेत उभा. वरच्या भांड्यात काय उरलं यावर रोमच्या विद्वानांत वाद पेटला. आत खरंच पोकळी आहे का ते पाहायला भांड्यात घंटा टांगली गेली. तिचा आवाज ऐकू आला, बहुधा तिच्या आधारदांड्यातून, आणि वाद आणखी वाढला.

आता एवान्जेलिस्ता तोरिचेल्ली. जन्म १६०८चा. गॅलिलिओ आंधळा होऊन शेवटचे दिवस मोजत होता तेव्हा शेवटचे तीन महिने तो त्याच्याजवळ राहिला, आणि गॅलिलिओ गेल्यावर टस्कनीच्या दरबारात गणितज्ञाची त्याची जागा याला मिळाली. तोरिचेल्लीने दोन गोष्टी केल्या. पहिली हाताने केली : पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या सुमारे १३.६ पट जड, म्हणजे दहा मीटरांचा खेळ दोन हातांच्या नळीत मावतो. दुसरी डोक्याने केली, आणि तिच्यापुढे मी अजूनही थबकतो. त्याने प्रश्नच उलटा फिरवला. आतून कोण ओढतंय हे शोधायचं सोडून त्याने विचारलं, बाहेरून कोण ढकलतंय?

प्रयोग फ्लॉरेन्समध्ये झाला, आणि तो त्याचा तरुण सहकारी विन्चेन्झो विवियानी याने केला असं मानतात. दोन हात लांबीची, एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरायची, तोंडावर बोट ठेवून ती उलटी करायची, पाऱ्याच्या वाडग्यात बुडवायची आणि बोट काढायचं. पारा घसरतो आणि सुमारे ७६ सेंटीमीटरांवर थांबतो. वर काच रिकामी. ११ जून १६४४ रोजी तोरिचेल्लीने रोममधल्या मिकेलान्जेलो रिच्ची या मित्राला पत्र लिहिलं. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी बुडून राहतो आणि या हवेला वजन आहे, हा विचार त्यात स्वच्छ शब्दांत आहे. वाडग्यातल्या पाऱ्यावर हवेचा समुद्र रेटा देतो, नळीच्या आत त्याला उत्तर द्यायला हवा नाही, म्हणून पारा चढतो, आणि बाहेरच्या भाराशी बरोबरी झाली की थांबतो.

हा तराजू आहे. एका पारड्यात ७६ सेंटीमीटर पारा, दुसऱ्यात तेवढ्याच जाडीचा हवेचा खांब, वाडग्यापासून निघून ढगांच्या वर, विमानांच्या वर, जिथे हवा विरून संपते तिथवर पोचलेला. आभाळ तोलायला आभाळाएवढा तराजू लागत नाही, एका टोकाला बंद केलेली नळी पुरते.

कुणी म्हणेल, कशावरून बाहेरचा रेटा? वरची पोकळीच पाऱ्याला धरून बसली असेल! ही शंका तोरिचेल्लीलाही दिसत होती. म्हणून शेजारी दुसरी नळी होती, तिच्या वरच्या टोकाला काचेचा मोठा फुगा. पोकळी ओढत असेल तर मोठ्या पोकळीने जास्त ओढायला हवं. दोन्ही नळ्यांत पारा एकाच उंचीला थांबला. प्रश्न निकालात काढणारा इतका साधा, इतका देखणा पुरावा विज्ञानात फार थोड्या वेळा सापडतो. नळी तिरपी करा, पारा काचेत पुढे सरकतो, पण जमिनीपासून सरळ मोजलेली उंची तीच राहते. नळी जाड घ्या, बारीक घ्या, उंची तीच. आत पारा दुप्पट मावला तर बाहेर त्याला तोलणारा हवेचा खांबही दुप्पट रुंद असतो.

हवेला वजन असतं हे आपण शाळेत पाठ करतो, पण ते अंगावर येत नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीतल्या हवेचं वजन तेहेतीस-चौतीस किलो भरतं. समुद्रकाठी एका चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, उभं आभाळ एक किलोहून थोडं जास्त वजनाने टेकलेलं असतं. पसरलेल्या तळहातावर ते क्विंटलभर होतं. हात खाली जात नाही, कारण तेवढ्याच जोराने हवा खालूनही रेटते. अख्ख्या पृथ्वीची हवा काढून तिथे तेवढ्याच वजनाचा पारा ओतला तर तो सगळीकडे कमरेच्याही खाली राहील. पाणी ओतलं तर तीन मजले बुडतील. आपलं आभाळ एवढंच.

म्हणजे काकांची मोटर पाणी कधी ओढतच नव्हती. ती पाइपाच्या वरच्या टोकाशी दाब कमी करायची. विहिरीतल्या पाण्यावर टेकलेलं आभाळ पाण्याला पाइपात ढकलायचं, आणि दहा मीटरांच्या आसपास आभाळाची ताकद संपायची. त्यातून पाइपातलं घर्षण आणि सांध्यातली गळती वजा जाता हातात पंचवीस फूट उरायचे. मोटर कितीही अश्वशक्तीची घेतली तरी वरचं आभाळ तेवढंच राहतं. सबमर्सिबल पंप याला अपवाद वाटतो, पण तो पाण्याच्या तळाशी बसून खालून ढकलतो, म्हणून त्याला आभाळाची मदत लागत नाही.

हे डोळ्यांनी पाहावं म्हणून मी पुण्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात बेर्तीचा प्रयोग करून पाहिला. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी बारा मीटर आणली, उकळून गार केलेल्या पाण्याने भरली, एक टोक घट्ट बंद केलं, दुसरं तळमजल्यावर बादलीत बुडवलं आणि बंद टोक दोरीने वर ओढायला लागलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत काही नाही. त्याच्या थोडं वर गेल्यावर नळीचा शेंडा चपटा झाला, दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या. आत रेटा देणारं काही उरलं नव्हतं आणि बाहेर आभाळ होतं. मला हवा होता तो पुरावा असा नको त्या रूपात समोर आला.

मग आत दोऱ्याची जाळी असलेली जाड नळी आणली. या वेळी शेजारची मुलं मजल्यामजल्यावर उभी होती. तिसऱ्या मजल्याच्या वर एका जागी पाणी थबकलं. मी नळी ओढतोय, नळी वर येतेय, आणि पाणी जागचं हलत नाही. वरून मोकळी होत जाणारी नळी, खाली स्थिर पातळी. पातळीशी बारीक बुडबुडे उठत होते. आधी पाण्यात विरघळलेली हवा निघाली, मग पाणी स्वतःच उकळायला लागलं, हाताला गार लागणारं पाणी. वरून दाब नाहीसा झाला की पाण्याला उकळायला आच लागत नाही. टेप लावून मोजलं : बादलीतल्या पाण्यापासून ९ मीटर २० सेंटीमीटर.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे डोक्यावरचं आभाळ मुंबईपेक्षा थोडं हलकं. हिशेबाने पाणी ९ मीटर ७० सेंटीमीटरांच्या आसपास उभं राहायला हवं. उरलेलं अर्ध्या मीटरचं कोडं दुपारी सुटलं. चार वाजता पाहिलं तर पातळी आणखी दहा-अकरा सेंटीमीटर खाली आली होती. आभाळ तेवढं हलकं झालं नव्हतं, जिना तापला होता. पाण्यावरची 'रिकामी' जागा रिकामी नसतेच, तिथे पाण्याची वाफ असते आणि ती पाण्याला खाली दाबते. २५ अंशांना या वाफेचा रेटा सुमारे ३२ सेंटीमीटर पाण्याएवढा, ३० अंशांना ४३ सेंटीमीटरांएवढा असतो. बाकी काम सुटून आलेल्या हवेने केलं. पाण्याच्या तराजूत असं आभाळाबरोबर जिन्याचं ऊनही तोललं जातं. पारा निवडल्याचा तोरिचेल्लीला झालेला खरा लाभ इथे कळतो. साध्या तापमानाला पाऱ्याची वाफ इतकी नगण्य असते की तिचा रेटा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शालाही पोचत नाही.

फ्रान्समध्ये तोरिचेल्लीच्या प्रयोगाची बातमी पोचली तेव्हा ब्लेझ पास्काल तेवीस वर्षांचा होता. रूआँ शहरात त्याने काचेच्या लांबच लांब नळ्या करवून घेतल्या, त्या जहाजाच्या डोलकाठीला बांधल्या आणि लोकांसमोर एकीत पाणी आणि दुसरीत तांबडी वाइन भरली. विरोधकांचं म्हणणं असं की नळीच्या शेंड्यात द्रवाची वाफ भरते आणि तीच द्रवाला खाली ढकलते. वाइन जास्त उडून जाणारी, म्हणून ती पाण्यापेक्षा खाली राहील. पास्कालचं म्हणणं, वाइन पाण्याहून हलकी, तेव्हा तेवढ्याच आभाळाला तोलायला तिचा खांब उंच लागेल. वाइन उंच उभी राहिली. वाफेची शंका अगदी चुकीची नव्हती, माझ्या जिन्यात ती दिसलीच. पण वजनाची बाजू भारी होती.

मग त्याला ती कल्पना सुचली जिने सगळा वाद मिटवला. हवा खरंच समुद्र असेल तर डोंगरावर चढणं म्हणजे त्या समुद्राच्या तळातून वर येणं. डोक्यावर हवा कमी उरेल आणि पारा खाली यायला हवा. पॅरिसच्या आसपास डोंगर नाही, आणि पास्कालची प्रकृती तोळामासा. नोव्हेंबर १६४७मध्ये त्याने थोरल्या बहिणीच्या यजमानांना, फ्लोरें पेरिए यांना पत्र लिहिलं. ते क्लेर्मों गावी राहत, आणि गावाजवळच प्युइ द दोम हा जुना ज्वालामुखी, १४६५ मीटर उंच, आपल्या कळसूबाईपेक्षा पावणेदोनशे मीटर बुटका. पेरिए यांची कामं, मग थंडी, मग धुकं असं करत दहा महिने गेले.

१९ सप्टेंबर १६४८. सकाळी आठच्या सुमारास गावातली काही मान्यवर मंडळी, त्यांत पाद्री आणि गृहस्थ दोन्ही, गावातल्या सर्वांत सखल जागी असलेल्या एका मठाच्या बागेत जमली. पेरिए यांनी दोन नळ्या भरल्या, एकाच वाडग्यात उलट्या केल्या. दोन्हींत पारा २६ इंच साडेतीन रेषा, तेव्हाच्या फ्रेंच मापाने, म्हणजे आपले ७१ सेंटीमीटर. एक नळी तिथेच ठेवली आणि मठातल्या फादर शास्तें यांना सांगितलं, दिवसभर हिच्यावरून नजर हटवू नका. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत प्रिय हेच आहेत. वर जाणाऱ्यांना डोंगर मिळाला, वारा मिळाला, बातमी मिळाली. यांना न हलणारा पारा बघत बसायचं काम मिळालं, आणि त्याशिवाय बाकी सगळं फुकट गेलं असतं. वर पारा उतरला तरी कुणीही म्हटलं असतं, आज हवाच बदलली असेल.

शिखरावर दुसरी नळी भरली. २३ इंच २ रेषा. तीन इंचांहून जास्त, साडेआठ सेंटीमीटरांच्या जवळपास घट! पेरिए यांनी लिहिलंय की सगळे आश्चर्याने थक्क झाले, आणि स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा बसावा म्हणून प्रयोग पुन्हा पुन्हा केला : शिखरावरच्या छोट्या देवळात, उघड्यावर, आडोशाला, वाऱ्यात, धुक्यात. पाचही वेळा आकडा तोच. उतरताना मध्यावर एकदा भरली, पारा मधल्या उंचीला. बागेत परत आले, पुन्हा २६ इंच साडेतीन रेषा. फादर शास्तें यांनी सांगितलं, दिवसभरात ऊन, पाऊस, धुकं, वारा सगळं झालं, पण पारा जागचा हलला नाही.

आता हा हिशेब आपण कुठेही मांडू शकतो. समुद्राजवळ साधारण अकरा मीटर चढलं की पारा एक मिलिमीटर उतरतो, म्हणजे चौथ्या मजल्यावर राहणारा माणूस तळमजल्यावरच्यापेक्षा मिलिमीटरभर कमी आभाळाखाली राहतो. पुण्यात पारा ७१ सेंटीमीटरांच्या आसपास, महाबळेश्वरी ६५च्या जवळ. तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि डाळ शिजायला वेळ घेते, त्याचं कारण हेच.

तोरिचेल्लीला डोंगराचा नाही, हवापाण्याचा ध्यास होता. हवा कधी जड होते, कधी हलकी होते, ते दाखवणारं यंत्र करायचंय असं त्याने त्या पत्रातच लिहिलं. १६४७ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो गेला. यंत्र पुढे बॅरोमीटर या नावाने जगभर पसरलं.

त्या यंत्राचं सर्वांत सुबक रूप पॅरिसच्या निकोला फोर्तें याच्या नावाने ओळखलं जातं. काही वर्षांपूर्वी एका हवामान केंद्रात मी ते वाचताना पाहिलं. पितळी नळकांड्यात काचेची नळी, खाली पाऱ्याची कुपी, कुपीचा तळ चामड्याचा. निरीक्षकांनी आधी शेजारचा तापमापक वाचला. माणूस जवळ उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेने तो चढू लागतो, म्हणून तो पहिला. मग तळाचा स्क्रू हळूहळू फिरवला. कुपीत वरून एक हस्तिदंती टोक खाली आलेलं असतं, तिथून मोजपट्टीचं शून्य सुरू होतं. पारा वर चढत होता आणि त्यात त्या टोकाचं प्रतिबिंब दिसत होतं. वरून एक पांढरी सुई येतेय, खालून तिचीच जुळी बहीण. दोन्हींची टोकं भेटली त्या क्षणी हात थांबला. किंचित पुढे गेलं असतं तर पाऱ्यावर खळी पडली असती. मग नळीवर नखाने हलकी टिचकी, काचेला चिकटलेला पारा सुटावा म्हणून. मग वरची पट्टी पाऱ्याच्या फुगीर माथ्याला जेमतेम टेकेपर्यंत खाली आणली, टेकली की बाजूला दोन बारीक त्रिकोण उजेडाचे. आकडा लिहिला आणि लगेच त्यातून काही वजा केलं, कारण उन्हाने पारा फुगतो. ३० अंशांना ७६ सेंटीमीटरांच्या खांबात ही फूग पावणेचार मिलिमीटरांच्या घरात जाते. वजा केली नाही तर सगळा उन्हाळा खोटा लिहिला जाईल.

पावणेचार मिलिमीटर ही केवढीशी चूक, असं वाटेल. पण आपलं सगळं हवामान अशाच मिलिमीटरांत घडतं. रेडिओवर लहानपणापासून ऐकलेला 'कमी दाबाचा पट्टा' कशाच्या मानाने कमी असतो? जुलैत राजस्थान आणि पाकिस्तानच्या तापलेल्या वाळवंटावर हवेचा दाब ९९५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, आणि केरळच्या टोकाला त्याहून दहा-बाराने जास्त. पाऱ्यात मोजलं तर आठ-नऊ मिलिमीटर. करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढ्या या फरकावर अरबी समुद्राची वाफ भरलेला वारा सह्याद्रीवर येऊन आदळतो, आणि आपल्या विहिरी भरतात.

वादळात असा फरक त्या मानाने लहानशा टापूत गोळा होतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा केंद्रातला दाब ९८४ हेक्टोपास्कल होता. ऑक्टोबर १९९९मध्ये ओडिशाला उद्ध्वस्त करणाऱ्या महाचक्रीवादळात तो ९१२पर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. १९७९ साली पॅसिफिक महासागरात 'टिप' नावाच्या वादळाच्या डोळ्यात ८७० मोजला गेला, जगातला समुद्रसपाटीवरचा सर्वांत कमी. तेवढी विरळ हवा आपल्याला महाबळेश्वरच्या वाटेवर बाराशे-तेराशे मीटर चढून गेल्यावर मिळते, आणि ती तिथे समुद्राच्या पाण्यावर उतरली होती.

अशा वेळी समुद्र स्वतःच नळीतल्या द्रवासारखा वागतो. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी सुमारे एक सेंटीमीटर वर येतं, कारण वादळाखालचं आभाळ हलकं झालेलं असतं आणि भोवतालचं जड आभाळ पाण्याला तिकडे ढकलत असतं. ९१२च्या वादळाखाली समुद्र एवढ्यानेच मीटरभर फुगतो. किनाऱ्यावर घुसणाऱ्या लाटेचा मोठा भाग वारा लोटून आणतो, पण ती लाट या फुगलेल्या समुद्रावर स्वार होऊन येते.

मुंबईत कुलाब्याला १८४१पासून हवेच्या नियमित नोंदी होत आल्या. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्य ठाणं सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून पुणेकर त्या इमारतीला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. आता पारा विषारी म्हणून तो मोजमापातून हळूहळू हद्दपार होतोय, आणि ते योग्यच आहे. पण ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त वेड लावलं ती पाऱ्यानेच दाखवली, आणि तिची एक फार सुंदर नोंद आपल्या दख्खनच्या पठारावरची आहे.

विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२४पासून मुंबई इलाख्याची पाहणी करत दख्खनभर फिरला. तंबूत मुक्काम आणि बरोबर बॅरोमीटर. रोज सूर्योदयाला, सकाळी नऊ-दहाला, दुपारी चार-पाचला त्याने पारा वाचला. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याचा निबंध छापला, 'हवेच्या भरती-ओहोटी'वर. ऊन असो, वळीव असो, मोसमी पाऊस असो, स्वतः घेतलेल्या हजारो नोंदींत एकदाही असं झालं नाही की सकाळी दहाचा पारा सूर्योदयाच्या पाऱ्यापेक्षा वर नव्हता, किंवा दुपारी चारचा दहाच्या पाऱ्यापेक्षा खाली नव्हता. एकदाही नाही! रात्री दहाच्या सुमारास पुन्हा चढ, पहाटे चारच्या सुमारास पुन्हा उतार. फरक दोन-तीन मिलिमीटरांचा.

समुद्राची भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते आणि रोज पाऊण तास पुढे सरकते. ही सरकत नाही, रोज घड्याळाला धरून येते, म्हणजे ती सूर्याची. आणि ओढीपेक्षा उन्हाची. वर पंचवीस-पन्नास किलोमीटरांवरचा ओझोन आणि खालची पाण्याची वाफ सूर्यप्रकाश शोषतात, हवा फुगते, आणि तिच्यात पृथ्वीला वळसा घालणाऱ्या लाटा उठतात. ओझोनने उठवलेली चोवीस तासांची लाट बरीचशी वरच अडकून राहते, बारा तासांची जमिनीपर्यंत पोचते. म्हणून दिवसातून दोनदा. युरोपात हिचं अस्तित्व सहज कळत नाही, तिथली रोजची बदलती हवा तिला झाकून टाकते. विषुववृत्ताच्या जवळ ती उघडी पडते. साइक्सच्या हाती ती लागली, कारण तो इथे होता.

आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो, पाऱ्याशिवाय चालणारा. गेला महिनाभर मी फोन एकाच टेबलावर ठेवून दिवसातून चार वेळा आकडा लिहितोय. मधे दोन दिवस वळवाने झोडपलं, तेव्हाही क्रम मोडला नाही. आज दुपारी चारला आकडा सकाळपेक्षा साडेतीन हेक्टोपास्कल खाली होता. आत्ता रात्रीचे साडेनऊ वाजलेत, आणि तो पुन्हा वर चढतोय.